नवे व्यवसाय : पडद्यावरचा कंपोझिटर

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळींनीं अर्धा तास एकत्र बसावयाचें, असा वडिलांच्या वेळेपासूनचा प्रघात आहे. गेल्या वर्षीं आषाढांत अशाच एका बैठकींत आमच्या पुतणीनें एकाएकीं जाहीर केलें, "मला कंपोझिटर व्हायचं आहे." क्षणभर कोणीच बोललें नाहीं. मग आमच्या मातोश्री म्हणाल्या, "अगं, ते छापखाने बंद होऊन किती वर्षं झाली! तुझ्या आजोबांच्या हाताखालचे कंपोझिटर एकेक करून घरी बसले, आणि तू आता खिळे जुळवायला निघालीस?"

मंडळी हंसली, पण मातोश्रींची समजूत अगदींच चुकीची नव्हती. आमचे वडील पुण्यांतील एका छापखान्यांत मुद्रितें तपाशीत असत. केसमधून शिशाचे खिळे उचलून ते स्टिकमध्यें ओळीनें बसविणारा तो कंपोझिटर, हा अर्थ आमच्या पिढीपर्यंतच्या मराठी माणसाच्या कानांत बसलेला आहे. पुतणीच्या मनांतील कंपोझिटर निराळा. निरनिराळ्या ठिकाणीं व निरनिराळ्या वेळीं तयार झालेलीं चित्रें एकत्र जुळवून, तीं एकाच कॅमेऱ्यानें एकाच क्षणीं टिपलीं असावींत असा भास उत्पन्न करणें, हें याचें काम. 'लाइफ ऑफ पाय' (२०१२) या चित्रपटांत होडींत एक मुलगा व एक वाघ आहे. मुलगा खरा, होडीखालचें पाणी तैवानमधील एका प्रचंड हौदांतलें, वाघ बहुतेक ठिकाणीं संगणकांत घडविलेला, आणि क्षितिजापर्यंतचा समुद्र व आकाश मागाहून जोडलेलें. हें सर्व जुळविणारा तो पडद्यावरचा कंपोझिटर. छापखान्यांतील जुळारी आणि हा, यांच्यांत एक साम्य मात्र आहे. काम बरोबर झालें कीं वाचकाला वा प्रेक्षकाला त्याची आठवणहि होत नाहीं. चुकलें कीं लगेच डोळ्यांत खुपतें.

हंसें ओसरल्यावर पुतणीनें एका शिक्षणसंस्थेचें माहितीपत्रक पुढें केलें. मुदत दीड वर्ष, फी चार लाखांच्या वर. ती त्या वेळीं बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मातोश्रींनीं तत्काळ आपली बँकेंतील ठेव मोडण्याची तयारी दाखविली. आमचे वडील बंधु, म्हणजे मुलीचे वडील, पदवी अर्धवट सोडण्याच्या पूर्ण विरुद्ध. वाद वाढूं लागला तेव्हां दादा आमच्याकडे वळून म्हणाले, "तू मासिकात लोकांना सल्ले देतोस ना? मग घरच्यांना दे." मान राखण्यासाठीं आम्हीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. त्या पंधरा दिवसांत, व त्यानंतरच्या सहा महिन्यांत, आम्हांला जें कळलें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवीत आहोंत. पुष्कळ घरांतून आज हाच प्रश्न निघत असेल असें वाटतें.

प्रथम नमुना, मग भांडवल

ही विद्या आपल्या महाराष्ट्राला परकी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत दाखविला, त्यापूर्वीं ते चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करण्याची विद्या आणि जादूचे खेळ इतक्या गोष्टी शिकलेले होते. 'लंकादहन' (१९१७) व 'कालियामर्दन' (१९१९) यांतील चमत्कार त्यांनीं पुष्कळ अंशीं कॅमेऱ्याच्या पेटींतच घडविले. तीच फिल्म पुनः मागें गुंडाळून तिच्यावर दुसरें चित्र घ्यावयाचें, म्हणजे दोन चित्रें एकांत एक मिसळतात. आज संगणकावर जें होतें तें मूलतः हेंच.

पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें फाळक्यांच्या चरित्रांतील दुसरीच गोष्ट महत्त्वाची. १९१२ सालीं विलायतेहून कॅमेरा घेऊन ते परत आले तेव्हां मोठ्या चित्रपटाला पैसे देण्यास कोणी तयार नव्हतें. त्यांनीं कुंडींतील वाटाण्याच्या रोपाची वाढ एक एक चौकट करून दिवसेंदिवस टिपली आणि तो एवढासा चित्रपट भांडवलवाल्यांना दाखविला. तो पाहिल्यावर पैशाची वाट मोकळी झाली. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला भोकें पाडण्यापासून सर्व कामांत बरोबर होत्या. म्हणजे ही पहिली प्रयोगशाळा घरच होतें.

आम्हीं बैठकींत हाच तोडगा सुचविला. सहा महिने ठेव मोडावयाची नाहीं व कॉलेजहि सोडावयाचें नाहीं. घरांतील एक टेबल, एक संगणक आणि रोजचे दोन तास मुलीचे. सहा महिन्यांनीं वाटाण्याचें रोप दाखवावें, मग बोलूं. मुलगी थोडी हिरमुसली, पण कबूल झाली.

साधनें : मोलाचीं आणि बिनमोलाचीं

शोधास लागल्यावर पहिलें आश्चर्य हें वाटलें कीं ज्या साधनांसाठीं फी भरावयाची तीं बहुतेक विनामूल्य मिळतात. मोठ्या स्टुडिओंतून सर्वाधिक वापरलें जाणारें सॉफ्टवेअर 'न्यूक'. तें १९९३ सालापासून डिजिटल डोमेन या अमेरिकन स्टुडिओंत घरगुती वापरासाठीं तयार झालें आणि २००७ सालीं लंडनच्या फाउंड्री या कंपनीकडे आलें. त्याची किंमत गृहस्थाच्या आवांक्याबाहेरची आहे. पण शिकणाऱ्यांसाठीं कंपनी एक विनामूल्य आवृत्ति देते. तिच्यांतून १९२० × १०८० बिंदूंहून मोठें चित्र बाहेर काढतां येत नाहीं आणि मजुरीच्या कामाला ती वापरावयाची नाहीं. शिकाऊ माणसाला या दोन्ही अटी जाचक नाहींत.

दुसरें 'फ्यूजन'. तें २०१८ पासून 'दा विंची रिझॉल्व्ह' या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्येंच घालून मिळतें आणि त्याचीहि एक आवृत्ति विनामूल्य आहे. तिच्यावर केलेल्या कामाचे पैसे घेण्यासहि हरकत नसते. तिसरें 'ब्लेंडर'. हें २००२ पासून सर्वांना खुलें आहे. त्यांत वस्तु घडविणें, कॅमेऱ्याची हालचाल हुडकून काढणें व चित्रें जुळविणें हीं तिन्ही कामें होतात. 'आफ्टर इफेक्ट्स' हें १९९३ पासूनचें सॉफ्टवेअर जाहिरातींत व दूरचित्रवाणीच्या कामांत फार चालतें, परंतु त्याला दरमहा भाडें आहे. तें पहिल्या सहा महिन्यांत नसलें तरी चालतें.

यांत एक फरक वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. आफ्टर इफेक्ट्समध्यें चित्रें पापडांच्या चवडीसारखीं एकावर एक ठेवलेलीं असतात. न्यूक, फ्यूजन व ब्लेंडर यांच्यांत प्रत्येक क्रियेची एक छोटी चौकट असते, तिला नोड म्हणतात; आणि या चौकटी रेघांनीं जोडून वंशवृक्षासारखी आकृति तयार होते. कोणत्या चित्रावर कोणता संस्कार कोणत्या क्रमानें झाला, तें त्या वृक्षांत एका दृष्टिक्षेपांत दिसतें. मोठ्या स्टुडिओंत ही दुसरी रीत चालते, म्हणून सुरुवातीपासून तीच शिकलेली बरी. एक नोडपद्धति नीट आली कीं दुसरी पंधरवड्यांत हाताखालीं येते.

चोरट्या प्रतींविषयीं मुद्दाम लिहितों. "सगळेच वापरतात" असें मुलें सांगतात. जी वस्तु सरळ मार्गानें फुकट मिळते ती चोरून कां घ्यावी, एवढाच प्रश्न त्यांना विचारावा. शिवाय अशा प्रतींतून संगणकांत रोग शिरतो आणि त्याच संगणकावर घरच्या बँकेचे व्यवहार चालत असतात.

यंत्रासंबंधीं एक हिशेब पुतणीनें आमच्याकडून करवून घेतला. १९२० × १०८० म्हणजे सुमारें २० लाख ७४ हजार बिंदु. प्रत्येकाचे चार आंकडे, प्रत्येक आंकडा दोन बाइटांचा. म्हणजे न दाबलेली एक चौकट साडेसोळा मेगाबाइटांची. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या तर दहा सेकंदांचें दृश्य जवळजवळ चार गिगाबाइट होतें. म्हणून दिखाऊ संगणकापेक्षां स्मरणशक्ति (शक्य तर ३२ गिगाबाइट) आणि साठवण यांकडे आधीं पाहावें. खर्च करावयाचाच तर रंग खरे दाखविणाऱ्या पडद्यावर करावा. पडदाच खोटें बोलत असेल तर डोळ्याला वळण कसें लागणार?

ग्रंथ आणि सराव

ही विद्या पाहून पाहून येते, हें खरें. पण तिच्या बुडाशीं गणित आहे, आणि तें फारसें बदलत नाहीं. छायाचित्राच्या प्रत्येक बिंदूला तांबडा, हिरवा, निळा असे तीन आंकडे असतात. १९७० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या एका तंत्रसंस्थेंत आल्व्ही रे स्मिथ व एड कॅटमल यांनीं चौथा आंकडा कल्पिला. त्याला 'अल्फा' म्हणतात. तो बिंदु आपल्या मागच्या वस्तूला किती झांकतो, हें अल्फा सांगतो. कपाळावर १, मोकळ्या जागेंत ०, आणि केसाच्या बारीक टोंकाशीं कदाचित् ०·४. १९८४ सालीं थॉमस पोर्टर व टॉम डफ यांनीं एका निबंधांत दोन चित्रें एकमेकांवर ठेवण्याचे नियम बसविले. मुख्य नियम असा : वरच्या चित्राचा अल्फानें गुणलेला रंग, अधिक खालच्या चित्राचा रंग गुणिले एक वजा अल्फा. केसाचा अल्फा ०·४ असेल तर मागच्या भिंतीचा ०·६ भाग त्यांतून दिसेल. हा गुणाकार चुकून दोनदां झाला तर कडेला काळपट रेघ उमटते. राहून गेला तर उजळ रेघ उमटते. नवशिक्यांचे निम्मे अश्रु या एका गुणाकाराचे असतात. पोर्टर, डफ, स्मिथ व कॅटमल या चौघांना १९९६ सालीं अमेरिकेच्या चित्रपट अकादमीनें याच कामासाठीं गौरविलें.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. पडद्यासाठीं साठविलेल्या साध्या छायाचित्रांत आंकडा निम्मा म्हणजे प्रकाश निम्मा, असें नसतें. मधल्या आंकड्याला खरा प्रकाश सुमारें २१ टक्केच असतो. म्हणून जुळणीपूर्वीं आंकडे खऱ्या प्रकाशाच्या प्रमाणांत आणावे लागतात. अशीं चित्रें साठविण्याची 'ओपनईएक्सआर' ही पद्धति इंडस्ट्रिअल लाइट अँड मॅजिक या स्टुडिओनें २००३ सालीं सर्वांना खुली केली, आणि आज सर्व स्टुडिओ ती वापरतात.

हीं मूलतत्त्वें शिकण्यास दोन ग्रंथ उत्तम : रॉन ब्रिंकमन यांचा 'द आर्ट अँड सायन्स ऑफ डिजिटल कंपोझिटिंग' (१९९९, दुसरी आवृत्ति २००८) आणि स्टीव्ह राइट यांचा 'डिजिटल कंपोझिटिंग फॉर फिल्म अँड व्हिडिओ'. रंगाच्या शास्त्रासाठीं जेरेमी सेलन यांची 'सिनेमॅटिक कलर' ही पुस्तिका २०१२ सालीं व्हिज्युअल इफेक्ट्स सोसायटीनें प्रसिद्ध केली. ती विनामूल्य मिळते. फ्यूजनचे धडे त्याची कंपनीच पुस्तकरूपानें, सरावाच्या चित्रांसकट, फुकट देते. न्यूकच्या कंपनीचेहि प्राथमिक पाठ तसेच आहेत. 'सिनेफेक्स' हें या विद्येला वाहिलेलें इंग्रजी नियतकालिक १९८० पासून २०२१ पर्यंत चाललें. त्याचे जुने अंक कोठें हातीं लागले तर सोडूं नयेत. कारण एकेका दृश्यामागें किती माणसांनीं किती वेळां माघार घेतली तें त्यांत वाचावयास मिळतें.

सरावाला मात्र खरें, कच्चें चित्रण पाहिजे. ब्लेंडर फाउंडेशननें अॅमस्टरडॅम येथें 'टिअर्स ऑफ स्टील' हा बारा मिनिटांचा चित्रपट २०१२ सालीं तयार केला आणि त्याचें हिरव्या पडद्यापुढचें मूळ चित्रणहि सर्वांना खुलें केलें. नामनिर्देश केला म्हणजे तें वापरण्यास मोकळीक आहे. ज्या चित्रणावर धंदेवाईक मंडळींनीं घाम गाळला त्याच चित्रणावर पुण्यांतील मुलीला आपला हात अजमावतां येतो आणि मग तयार चित्रपटाशीं तो ताडून पाहतां येतो. असा गुरु फी देऊनहि सहसा मिळत नाहीं.

आम्हीं तिला महिन्याला एकच दृश्य, पण तें पुरें, असा नेम घालून दिला. पहिल्या महिन्यांत आकृतीची कड हातानें आंखणें. या रोटोच्या कामाचें मूळ मॅक्स फ्लायशर यांच्या १९१७ सालच्या पेटंटांत आहे. दुसऱ्या महिन्यांत हिरवा पडदा काढणें. तिसऱ्यांत हालत्या कॅमेऱ्याशीं नवी वस्तु खिळवून ठेवणें. चौथ्यांत नको असलेली तार वा खांब पुसणें. पांचव्यांत संगणकांत घडविलेली वस्तु खऱ्या चित्रांत बसविणें. सहाव्या महिन्याचें दृश्य तिनें स्वतः निवडावयाचें होतें.

आजी वाड्यांत उभी राहते

तिनें निवडलें तें आम्हां सर्वांना मुकाट्यानें ऐकून घ्यावें लागलें. आमचा नारायण पेठेंतील जुना वाडा २००८ सालीं पाडला. त्याच्या चौकाचें एकच चांगलें छायाचित्र घरांत आहे : तुळशीवृंदावन, विहिरीचा कांठ आणि मागें लांकडी खांब. आजीला त्या चौकांत परत उभी करावयाची, असा पुतणीचा बेत.

सहा वार हिरवें कापड आणून गच्चीवर बांधलें. हिरवा रंग अशासाठीं कीं माणसाच्या कातडींत तो कमी असतो आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या डोळ्यांतील निम्मे बिंदु हिरव्याचेच असतात, त्यामुळें तो वेगळा काढणें सोपें जातें. रंगीत पडद्यापुढचें माणूस वेगळें काढण्याची विद्या पेट्रो व्लाहॉस यांनीं 'बेन-हर' (१९५९) या चित्रपटाच्या काळीं पुष्कळ सुधारली. आजच्या सर्व सॉफ्टवेअरांत तिचे वंशज आहेत. मातोश्री हौसेनें ठेवणींतलें लुगडें नेसून आल्या. त्याचे कांठ हिरवे! संध्याकाळीं संगणकावर पाहतां कांठ नाहींसे झाले होते आणि त्यांतून वाड्याची भिंत दिसत होती. मातोश्री हंसून म्हणाल्या, "माझा पदर कुणी कुरतडला?"

दुसऱ्या वेळीं लुगडें बदललें; पण कापड फार जवळ असल्यामुळें त्याचा उजेड पांढऱ्या केसांवर पडून केस शेवाळल्यासारखे दिसूं लागले. हा हिरवा ओघळ काढण्याची युक्ति आहे, पण त्याहून सोपी युक्ति म्हणजे माणसाला पडद्यापासून सात-आठ फूट पुढें उभें करणें. हें पुतणीला पुस्तकानें आधींच सांगितलें होतें. ठेंच लागल्यावर तें पटलें.

तिसऱ्या वेळीं दृश्य तयार झालें. केसांची एक एक बट स्वच्छ, कडा मऊ, छायाचित्राचा जुनाट कणीदारपणाहि आजीच्या आकृतीवर चढविलेला. आम्हांला एकहि चूक दिसली नाहीं. दादांनीं पाठ थोपटली. मातोश्री मात्र बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौकात सकाळचं ऊन विहिरीकडून यायचं. वृंदावनाची सावली बघ खांबांकडे गेली आहे. आणि माझी पायाशीच गोळा झाली आहे. मी काय दुपारची उभी आहे तिथे?"

त्यांचें म्हणणें खरें होतें. छायाचित्र सकाळचें, आणि गच्चीवरचें चित्रण मुलीनें कॉलेजांतून आल्यावर दीड वाजतां केलेलें. नुसती सावली रंगवून काम भागलें असतें कां? तिनें दोन रात्री प्रयत्न केला. सावली वळली, पण चेहऱ्यावरचें ऊन वरूनच येत राहिलें. नाकाखालची, डोळ्यांच्या खोबणींतली छाया वळेना. अखेर एका रविवारीं सकाळीं आठ वाजतां आजीला पुनः गच्चीवर उभें केलें. या वेळीं तिनें वृंदावनाची उंची छायाचित्रांत मोजून कॅमेराहि तेवढ्याच उंचीवर ठेवला. चौथें दृश्य पाहून मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. पदरानें डोळे टिपून आंत गेल्या.

आम्हीं त्या दिवशीं एक गोष्ट शिकलों. सर्व साधनें त्या मुलीच्या संगणकांत होतीं आणि चूक पकडली ती संगणक न वापरणाऱ्या चौऱ्याऐंशीं वर्षांच्या डोळ्यांनीं. कारण त्या डोळ्यांनीं चाळीस वर्षें त्या चौकांतील ऊन पाहिलें होतें. धंद्यांतील थोर मंडळीहि अशीच पाहतात. 'ड्यून' (२०२१) या चित्रपटाचे दृश्यपरिणाम-प्रमुख पॉल लॅम्बर्ट हे मूळचे कंपोझिटर. न्यूकमधील पडदा काढण्याचें एक प्रसिद्ध साधन त्यांनींच रचलेलें आहे. परंतु वाळवंटाच्या त्या चित्रपटांत त्यांनीं पुष्कळ ठिकाणीं हिरवा-निळा पडदा न वापरतां वाळूच्याच रंगाचा पडदा लावविला. कारण माणसांवर उलटून पडणारा उजेड वाळूचाच पाहिजे. पडदा वेगळा काढण्याचें काम त्यामुळें अवघड झालें असेल. चित्र मात्र खरें झालें.

धंद्याची दुसरी बाजू

हें सर्व गोड लिहून पालकांना अंधारांत ठेवणें योग्य नव्हे. 'लाइफ ऑफ पाय'च्या वाघाला २४ फेब्रुवारी २०१३ रोजीं ऑस्कर मिळालें. तो घडविणारी ऱ्हिदम अँड ह्यूज ही कंपनी, जिच्या शाखा मुंबई व हैदराबाद येथें होत्या, त्याच महिन्यांत दिवाळखोरींत गेली होती. फेब्रुवारी २०२५ मध्यें टेक्निकलर हा मोठा समूह कोसळला आणि एमपीसीसारख्या नांवाजलेल्या शाखांसह त्याचें काम थांबलें; बंगळूर व मुंबई येथील आपल्या मुलांच्याहि नोकऱ्या त्यांत गेल्या. उलट बाजूनें, मुंबईंतील प्राइम फोकसची २०१४ सालीं लंडनच्या डबल निगेटिव्हशीं जोड झाली आणि 'ड्यून'चें ऑस्कर-विजेतें काम त्या घराण्यांत झालें. म्हणजे दारें आहेत. पण तीं केव्हां लागतील याचा भरंवसा नाहीं.

दुसरी भीति यंत्राची. कड आंखण्याचें व तारा पुसण्याचें काम परदेशांतून भारतांत येतें, आणि नेमकें तेंच आतां यंत्र शिकूं लागलें आहे. २०२१ पासून न्यूकमध्येंच असें एक साधन आहे कीं चार-दोन चौकटी हातानें करून दाखविल्या तर उरलेल्या तें आपण होऊन करूं पाहतें. जी मुलें केवळ कड आंखावयास शिकतील त्यांची अवस्था काय होईल?

याचें उत्तर मातोश्रींच्या पहिल्या वाक्यांत आहे. वडिलांच्या छापखान्यांत संगणक आला तेव्हां, कोणता खिळा कोणत्या खणांत आहे एवढेंच ज्यांना ठाऊक होतें ते घरीं बसले. पण दोघांना ऱ्हस्वदीर्घ पाठ होते, ओळींतील मोकळी जागा कोठें डोळ्याला खुपते तें कळत होतें. ते दोघे संगणकापुढें बसले आणि निवृत्तीपर्यंत पानें लावीत राहिले. साधन गेलें, डोळा राहिला.

पालकांसाठीं चार सूचना

पहिली : फी भरण्यापूर्वीं सहा महिने घरीं सराव करूं द्यावा. तिसऱ्या महिन्यानंतरहि मूल तेंच दृश्य चौथ्यांदा करावयास आपण होऊन बसत असेल तर त्याची ओढ खरी. दुसरी : संस्था पाहावयास गेलां तर इमारत व यंत्रें पाहूं नका, गेल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचीं दृश्यें आणि त्यांतील थर सुटे करून दाखवा म्हणावें. कोण शिकवितो व त्यानें स्वतः कोणत्या दृश्यावर काम केलें आहे तें विचारावें. नोकरीची हमी तोंडी असेल तर ती नाहीं असेंच समजावें. तिसरी : पदवी सोडूं देऊं नये. गणित, प्रकाशशास्त्र आणि पायथॉन भाषा या धंद्यांत रोज उपयोगीं पडतात. चौथी : कॅमेरा व चित्रकलेची वही हातीं द्यावी, आणि सकाळच्या उन्हांत दहा मिनिटें नुसतें पाहावयास शिकवावें.

आमच्या घरापुरतें सांगावयाचें तर ठेव अद्याप तशीच आहे. मातोश्रींनीं निवृत्तिवेतनांतून फक्त एक चांगला पडदा घेऊन दिला. पुतणीनें मुंबईच्या एका स्टुडिओची उमेदवारीची परीक्षा दिली. पहिल्या खेपेस कडांतील चुका दाखवून त्यांनीं काम परत पाठविलें. तिनें तें दुरुस्त करून पुनः धाडलें आहे, आणि बी. एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेचा अभ्यासहि चालू आहे. माहितीपत्रक कपाटांत ठेवलें आहे. पदवीनंतर त्याचा विचार करावयाचा असें तिचें तिनेंच ठरविलें. वाड्याचें चौथें दृश्य मात्र रोज रात्रीं बैठकींत एकदां तरी लावलें जातें.

पुढील अंकीं ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाविषयीं लिहावयाचें योजिलें आहे. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं मुलांनीं असे घरगुती प्रयोग केले असतील तर त्यांतील यशाइतकेंच अपयशहि अवश्य कळवावें.